आठवा खांब

शिरपूर-शिंदखेडा पट्ट्यात तापीच्या काठावर आमचं पाणी मोजायचं ठाणं आहे. पावसाळ्यात दर तासाला पातळी वाचायची आणि वायरलेसवर कळवायची. आकडा खाली उकाई धरणाला जातो, आणि उकाईपासून साधारण १०० किलोमीटरवर सुरत.

काठाच्या उतारावर गेजचे, म्हणजे पातळी मोजायचे खांब पायऱ्यांसारखे रोवलेले असतात. एकेका खांबावर एक मीटरची पट्टी, सेंटिमीटरच्या खुणांची; खांबाचा आकडा म्हणजे पूर्ण मीटर. वरच्या खांबाचा तळ खालच्या खांबाच्या डोक्याला थोडा ओलांडून घेतो, म्हणजे मध्ये फट राहत नाही. वाचायचं ते बाजूने. खांबाच्या तोंडाला गाळ-काडीकचरा अडकला की तिथे पाणी फुगतं आणि दोन-चार सेंटिमीटर जास्त दिसतं. लाटा असतील तर चढ आणि उतार दोन्ही बघून मधला आकडा घ्यायचा, तोही तीनदा.

ऑगस्टमधली रात्र होती. १० वाजता ६.१२ मीटर, ११ ला ६.३८, १२ ला ६.६१. एक वाजता हंगामी पोरगा बॅटरी घेऊन खाली गेला आणि धावत वर आला. "दादा, पानी एकदम वाढनं!"

"कितलं?"

"७.८३."

त्याने रजिस्टरमध्ये लिहिलंही, आणि मी बघेपर्यंत मेसेज गेलासुद्धा.

आधीच्या दोन तासांत वाढ २६ आणि २३ सेंटिमीटरची. मग एकदम १२२? त्यातून एक मीटर वजा केला तर उरतात २२. तिथेच शंका आली. पण नुसत्या शंकेवर आकडा बदलायचा नसतो, तापी तासाला मीटरभर चढू शकते. वरच्या अंगाच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, त्यातले बरेचसे उघडले तर खाली फरक पडतोच. मात्र तसा निरोप नव्हता आणि वरच्या ठाण्यावरही अशी उडी दिसत नव्हती.

खात्री केली ती खुंटीने. दर तासाला पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकायची आमची सवय आहे, नियमात असो-नसो. आमचा काठ साधारण चाराला एक असा उतरतो. २२ सेंटिमीटर पाणी चढलं तर कड मीटरभरही सरकत नाही, १२२ चढलं तर जवळपास पाच मीटर सरकायला हवी. बाराची खुंटी पाण्यात होती, पण कडेपासून जेमतेम एका पावलावर.

मग चूक कुठे झाली? पाणी ज्या खांबावर होतं, त्यावरचा आकडा गाळाने लिंपला होता. पोराने वरून खांब मोजत उतरायला सुरुवात केली: नऊ, आठ, सात. यातला 'आठ' खरं तर सातचा खांब होता आणि 'सात' सहाचा. खरा आठचा खांब कलंडून वेड्या बाभळीच्या झुडपात पडला होता. बहुधा गुरांनी घासून सैल केला असावा. गाळ पुसल्यावर खालून ६ निघाला. पातळी होती ६.८३.

१ वाजून २० मिनिटांनी दुरुस्तीचा मेसेज गेला. रजिस्टरमध्ये खोडाखोड करायची नाही: एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि वेळ.

एका मीटरने काय बिघडतं? पात्र ५०० मीटर रुंद धरा, वेग सेकंदाला २.४ मीटर. मीटरभर जास्त उंची म्हणजे सेकंदाला १२०० घनमीटर, म्हणजे ४२ हजार क्युसेक, नुसतं कागदावरचं पाणी. ते खरं मानलं तर खाली धरण रिकामं करायची घाई होते. आणि सुरतेला पाणी केव्हा सोडलं यालाही तेवढंच महत्त्व. समुद्र जवळ, भरती दिवसातून दोनदा, त्या वेळी तापीचं पाणी मुखाशी तुंबतं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तर जास्तच. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा ९ तारखेला राखीपौर्णिमा होती. आपल्याकडे नारळ-राख्यांची गडबड, आणि तिकडे पुराला उधाणाची साथ. म्हणून खालचे लोक सोडायचं पाणी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठरवतात. त्या हिशेबात आमची चूक आधीच मिसळलेली नको.

सकाळी पाणी ७.९० वर स्थिरावलं. ओसरल्यावर बेंचमार्कपासून, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल काढून आठचा खांब पुन्हा रोवला, बुडाला काँक्रीट घातलं. आता प्रत्येक खांबावर आकडा दोन्ही अंगांनी रंगवलेला आहे, आणि बाभूळ दर पंधरवड्याला तोडली जाते. खुंट्या ठोकायचं काम त्या पोराकडे आहे.