ऑन वन की ऑन टू? : आमच्या साल्सा वर्गाची वाटचाल

जळगावात साल्साचा, म्हणजे जोडीने करायच्या लॅटिन अमेरिकी नाचाचा, वर्ग सुरू करण्यासाठी मी आणि माझी पत्नी जागा शोधत होतो, तेव्हा रिंगरोडलगतच्या एका इमारतीतील पहिल्या मजल्यावरचे सभागृह आम्हाला पसंत पडले. जागामालक आबांनी भाड्याची गोष्ट काढण्याआधी विचारले, "हाऊ कसाना नाच शे, भो?" आम्ही दोघांनी तिथल्या तिथे चार पावले करून दाखवली. हात धरून नाचायचे आहे हे पाहिल्यावर त्यांनी एकच अट घातली, की दार बंद ठेवायचे नाही. आम्ही लाकडी दार काढून काचेचे बसवले आणि बाहेर पालकांसाठी बाक ठेवला. मुलींच्या घरच्यांचा विश्वास आम्हाला मिळाला, त्यात या बाकाचा वाटा मोठा आहे, असे मी मानतो.

खान्देशात नाचाची वाण नाही. वरातीत बँडपुढे, कानबाईच्या विसर्जनाला, सातपुड्यात होळीला ढोल आणि पावरीवर माणसे तासन्‌तास नाचतात. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्यांचे पाय आधीच मोकळे असत. त्यांना अडायचे ते थांबण्यापाशी. साल्साची मोजणी आठांची असून पावले एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात यांवर पडतात, तर चार आणि आठ रिकामे जातात. प्रत्येक ठोक्याला पाय टाकण्याची सवय असलेल्या माणसाला ही रिकामी मोजणी पाळणे फार जड जाते. आमच्या पहिल्या बॅचमधल्या, तबला वाजवणाऱ्या एका काकांनी ही अडचण सोडवली. केरव्याच्या आठ मात्रा हातावर मोजून त्यांनी सर्वांना चौथीवर श्वास घ्यायला लावले. पुढे आम्ही क्लावे, म्हणजे साल्साच्या संगीतामागचा पाच ठोक्यांचा ठेका, ऐकवण्यासाठी गरब्याच्या टिपऱ्या वापरू लागलो. पहिल्या मोजणीवर एक ठोका, दुसरी आणि तिसरीच्या मधोमध एक, चौथीवर एक, मग सहावी आणि सातवीवर एकेक, असे पाच ठोके वाजवत वर्ग आधी नुसता चालतो. हा ठेका वाजवायचे क्युबातले मूळ वाद्यही लाकडाच्या दोन दांड्यांचेच असल्यामुळे हे साधन परके वाटले नाही.

आम्ही सुरुवातीला ऑन वनच शिकवत होतो. या पद्धतीत पुढचे किंवा मागचे मुख्य पाऊल पहिल्या आणि पाचव्या मोजणीवर पडते. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बहरलेल्या शैलीची ही मोजणी असून तिच्यात बाई एका सरळ रेषेत ये-जा करते, गिरक्या वेगवान असतात आणि नवख्या माणसाला गाण्याचा पहिला ठोका पकडून लगेच सुरुवात करता येते. पुण्याला नोकरी करून परतलेल्या काही जणांनी मात्र न्यूयॉर्कची ऑन टू पद्धत शिकून घेतली होती. तिथे रेषा तीच, पण मुख्य पाऊल दुसऱ्या आणि सहाव्या मोजणीवर, म्हणजे कोंगा या उभ्या ढोलाच्या ठसठशीत थापेवर येते. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नृत्यगृहातल्या १९५० च्या दशकातील मँबो या नाचाचा वारसा सांगणारी ही पद्धत तिथले नृत्यशिक्षक एडी टॉरेस यांनी शिकवण्याच्या शिस्तीत बसवली. ती ऐकायला शिकवते, हे मलाही मान्य आहे. परंतु ऑन वन म्हणजे कच्च्या लोकांचे काम, असे जेव्हा वर्गात बोलले जाऊ लागले तेव्हा मनाला फार लागले.

त्यातच बाहेरून बोलावलेल्या एका प्रशिक्षकाने दोन दिवसांच्या कार्यशाळेत क्युबन पद्धत तेवढी अस्सल आणि बाकीच्या दिखाऊ, असे सांगितले. कासिनो नावाच्या या क्युबन पद्धतीत सरळ रेषा नसते, जोडी एकमेकांभोवती फिरत राहते. त्यामुळे रेषेची सवय झालेली आमची मुले-मुली कासिनो शिकलेल्यांशी नाचताना एकमेकांवर आदळू लागली. महिनाभरात बावीस जणांची बॅच नऊवर आली. मोठ्या शहरात प्रत्येक शैलीला आपापली गर्दी मिळते. आमच्याकडे तीस माणसांचे तीन गट केले, तर कोणालाच नाचायला जोडीदार उरत नाही. एवढी गोष्ट मी आधीच ओळखायला हवी होती.

त्यानंतर आम्ही महिन्यातून एक सराव-संध्याकाळ सर्वांसाठी खुली केली. नाचायला विचारतानाच "ऑन वन की ऑन टू?" असे विचारायचे आणि समोरच्याला जे येते ते नाचायचे, हा तिथला नियम झाला. शेवटचा अर्धा तास रुएदाचा ठेवला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हवानात रुजलेल्या या प्रकारात जोड्या रिंगण करतात, एक जण हाक देतो आणि "दामे" म्हणताच प्रत्येक पुरुष शेजारच्या जोडीदाराकडे सरकतो. रिंगणात जोडीदार सतत बदलत असल्यामुळे रुसलेली माणसेही आपोआप एकमेकांच्या समोर आली.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत जोडीने नाचणे थांबले, तेव्हा फोनवरून एकट्याने करायची पावले, म्हणजे शाइन्स, शिकवून आम्ही तग धरला. आजही भाडे निघते ते लग्नातल्या संगीताचे नाच बसवून. साल्साची फी तेवढी पुरत नाही. फरशीवर रबरी तळाचे बूट अडकून गुडघे पिरगळत, म्हणून बाजारातल्या चांभारदादांकडून बुटांना मऊ चामड्याचा तळ लावून घेतो. लाकडी जमिनीसाठी पैसे साठवणे सुरू आहे.

आता दर रविवारी धुळ्यातही वर्ग सुरू करत आहोत. पहिले चार आठवडे तिथे कोणत्याही शैलीचे नाव न घेता फक्त मोजणी आणि टिपऱ्यांवरचा क्लावे चालेल. पाचव्या आठवड्यापासून ऑन वन माझी पत्नी घेईल आणि ऑन टूसाठी, आमचा वर्ग सोडून गेलेल्यांपैकीच एकाने येण्याचे कबूल केले आहे.