तुम्ही विचारलंत म्हणून : टर्बो कधी ओढतो, कधी नाही

"डिझेल गाडी आहे. घाटात मध्येच पिकअप जातो, नंतर आपोआप परत येतो. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला. बदलू का?" हे इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर एकदा लिहूनच ठेवलेलं बरं.

इतक्यात बदलू नका. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंखा. शाफ्ट तुटलेला किंवा पंख झिजलेला टर्बो थोड्या वेळाने शुद्धीवर येत नाही. जोर जाऊन परत येत असेल, तर दोष बहुधा टर्बोच्या आजूबाजूला असतो : एखादी नळी, सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह), सेन्सर, नाहीतर काजळीने अडकणाऱ्या व्हेन्स (टर्बोकडे जाणारा धुराचा झोत कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पट्ट्या).

आधी एवढंच बघा, जोर परत येतो तो कसा? गाडी बाजूला घेऊन चावी बंद केली, अर्ध्या मिनिटाने चालू केली आणि गाडी लगेच ठणठणीत झाली, तर जोर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनेच, कापला होता. यालाच लिंप मोड म्हणतात. चेक लाइट लागलेला असेलच असं नाही, म्हणून स्कॅनर लावायचाच. त्यावर दोषाचा कोड दिसतो. पी०२३४ म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब पाहिजे त्यापेक्षा जास्त झाला, पी०२९९ म्हणजे कमी पडला. दोन्हींच्या वाटा उलट दिशेला जातात, तरी दोन्हींवर "टर्बो गेला" हेच निदान ऐकायला मिळतं. कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम वाचून घ्या. त्या क्षणी आरपीएम, वेग आणि इंजिनाचं तापमान किती होतं, ते त्यात सापडतं.

पी०२३४ आणि व्हीजीटी (व्हेन्स असलेला) टर्बो ही जोडी असेल तर पहिला संशय व्हेन्सवर. रोजचं शहरातलं रांगतं ड्रायव्हिंग काजळी साठवतं. सपाटीवर काही जाणवत नाही, पण खंबाटकीसारख्या चढावर फुल ॲक्सिलरेटर दिला की व्हेन्स उघडायला हव्यात तेव्हा त्या अडकतात, दाब उसळतो आणि ईसीयू हात आखडता घेतो. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर (दांडीने व्हेन्स हलवणारा भाग) असेल तर तपासणी सोपी आहे. इंजिन बंद आणि थंड असताना नळी काढून हातपंप लावा. साधारण ३ ते ५ इंच (पाऱ्याचे इंच) व्हॅक्यूमला दांडी हलू लागते आणि १८-२० इंचांपर्यंत पूर्ण खेचली जाते. नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. हालचाल सलग हवी, झटके नकोत. पंप थांबवल्यावर काटा मिनिटभर तरी जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर पडदा फाटलाय. दांडीचा नट फिरवून "सेटिंग" करून देणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. अडकलेल्या व्हेन्स त्याने सुटत नाहीत, वर मूळ माप जातं. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर हीच चाचणी स्कॅनरवरून करावी लागते.

पी०२९९ असेल तर आधी स्वस्त गोष्टी. ॲक्च्युएटरची रबरी नळी टोकाला चिरते, गरम झाली की सैल पडते, पावसाळ्यात उंदीरही कुरतडतात. व्हॅक्यूम पंपाजवळ गेज लावा. मुंबईत २५ इंचांच्या वर, पुण्यात दीड-दोन इंच कमी मिळायला हवं. मग एकेक टी-जोड पुढे सरकत मोजा. जिथे आकडा पडला तिथे गळती. ब्रेकचं पॅडलही कडक लागत असेल, तर पंप किंवा मुख्य नळीच धरा, कारण ब्रेक बूस्टर त्याच पंपावर चालतो. इंजिन तापल्यावरच जोर जात असेल तर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजा.

मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासायला खर्च शून्य. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर आकडा बघा. मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ दिसायला हवेत. पुण्यात उभी गाडी ८० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलतेय.

दाबाच्या बाजूच्या होजची चीर हाताला लागत नाही. ती दाब आला तरच तोंड उघडते. इंटरकूलरचे खालचे जोड हमखास बघा. तेलाचा पातळ थर नेहमीचाच, पण एकाच ठिकाणी बाहेरून ओलं आणि धूळ चिकटलेली असेल तर तिथेच. टर्बोच्या सक्शनला प्लग लावा, ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) नळी वेगळी करून बंद करा (नाहीतर दाब थेट इंजिनात जाईल), १ बारपेक्षा कमी हवा भरा आणि साबणाचं पाणी शिंपडा. एअर फिल्टर ते टर्बो ही नळी मात्र या चाचणीत सापडत नाही. आतला थर सुटला असेल तर ती चालत्या इंजिनात आत ओढली जाऊन चपटी होते.

एवढ्याने सापडलं नाही तर लॉग घ्या, म्हणजे चालत्या गाडीत स्कॅनरवर आकडे नोंदवा. तिसरा गिअर, चढ, १५०० ते ३५०० आरपीएम. स्क्रीन शेजारच्याच्या हातात. मागितलेला दाब, मिळालेला दाब, एअरफ्लो (आत जाणारी हवा) आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) नोंदवा. हवा भरपूर मोजली जातेय, दाब मात्र कमी आणि मागे काळा धूर : टर्बोनंतर गळती. दाब बरोबर, पण रेल प्रेशर कोसळतंय : आधी डिझेल फिल्टर बघा, टर्बोचा काही संबंध नाही.

हे सगळं ठीक निघालं तरच सक्शनची होज काढून शाफ्ट हलवा. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे जाणवला किंवा पंख घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो खरंच संपलाय. मग नवा बसवताना ऑइल फीड पाइपही नवा घ्या. जुन्यात कार्बन साचलेला असेल तर नव्या टर्बोलाही तेल मिळणार नाही.