बालगंधर्व, आमचा बिघडलेला टेप आणि मी

आमच्या घरात दर रविवारी सकाळी एक माणूस बाई होऊन रडायचा. म्हणजे निदान मला तरी लहानपणी तसंच वाटायचं. आजोबा अंघोळ उरकून आले की पहिलं काम टेप लावायचं, आधी दहा सेकंद नुसती खरखर आणि मग त्या खरखरीतनं तो बारीक, नाकातला, ओढून ओढून काढलेला आवाज. बाहेर गल्लीत क्रिकेट सुरू झालेलं असायचं आणि मी घरात पोह्यांची वाट बघत हे ऐकत बसलेलो. भिंतीवर नऊवारीतला बालगंधर्वांचा, म्हणजे नाटकात बायकांची कामं करणाऱ्या त्या गायकाचा, फोटोपण होता. शाळेतले मित्र आले की विचारायचे, ही तुझी पणजी का रे? लाज वाटायची राव.

गंमत म्हणजे आमचे आजोबा पक्के केशवराव भोसले पार्टीचे, म्हणजे त्याच काळातल्या दुसऱ्या मोठ्या गायक नटाचे. केशवराव गेले १९२१ ला, आजोबांचा जन्म त्यानंतरचा, म्हणजे स्टेजवर बघितलेलं शून्य, पण कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर पार्टी ठरलेलीच की. मग कॅसेट बालगंधर्वांची का? तर केशवरावांच्या रेकॉर्डीच मोजक्या, त्यातली एकही आमच्याकडं नव्हती. त्यामुळं ऐकायचं बालगंधर्वांना आणि गुणगान केशवरावांचं, असा सगळा कारभार.

आणि 'मानापमान' या संगीत नाटकाच्या संयुक्त प्रयोगाची स्टोरी तर इतक्यांदा ऐकलीय की पाठ आहे. जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची गंधर्व आणि केशवरावांची ललितकलादर्श या दोन नाटक कंपन्या एका स्टेजवर, बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. आजोबा हे सगळं कुस्तीसारखं सांगायचे, कुणी कुठल्या पदाला वन्समोर घेतला, कुणी कुणाला चीतपट केलं. कुस्तीचं खासबाग मैदान आणि आमचं थिएटर शाहू महाराजांनी शेजारी शेजारी बांधलं, त्याचा परिणाम असणार. आणि मग आवाज उतरायचा, "आणि ऑक्टोबरात केशवराव गेले बघ. एकतीस वर्षांचं पोर." इथं आम्ही गप्प बसायचं असा नियम होता.

मी काय बदललो नाही. शाळेत तबला शिकलो, कॉलेजात सोडला, नोकरी लागल्यावर परत धरला, पण नाट्यगीत म्हटलं की चॅनल बदल. मला वाटायचं ही लोकं गात नाहीत, गायचं नाटक करतात.

मग एका वर्षी आमच्या पेठेतल्या तालमीच्या गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरला आणि आत्तेबहिणीनं मला तबल्याला बसवलं, फुकटात दुसरं कोण मिळणार. तिनं निवडलं 'स्वयंवर' नाटकातलं बिहाग रागातलं 'मम आत्मा', आणि आत्याची अट अशी की गायचं तर बालगंधर्वांसारखंच, मधली कुणाची कॉपी नको. झालं, म्हणजे मला ते ऐकणं आलं, तेपण एकदा नाही, रोज.

पहिल्याच प्रॅक्टिसला घोळ. मी घरनं आजोबांची कॅसेट आणि तो टेप दोन्ही उचलून नेलेले. हार्मोनियमवाल्या मित्रानं सूर लावून बघितला, परत लावला, मग मोबाईलवर तीच रेकॉर्ड लावली आणि मला म्हणाला, "भावा, तुमचा टेप पळतोय." अख्खी एक पट्टी वर! म्हणजे मोटर फास्ट. माझं अख्खं लहानपण मी त्या माणसाला चिरका म्हणत होतो आणि दोष होता आमच्या टेपचा. लताबाईंच्या कॅसेटीपण त्याच्यावरच वाजायच्या, पण तो आवाज आधीच इतका वर की आणखी थोडा वर गेलेला कुणाला कळलाच नसणार.

मोबाईलवर ऐकलं तर नाकातलेपणा होताच, नाही असं नाही. पण तो का, हे त्या मित्रानंच सांगितलं. माईक नव्हते, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे म्हटल्यावर आवाजाला टोक लागतंच, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डी तर भोंग्यात तोंड घालून केलेल्या. त्यात रात्रभर चालणाऱ्या नाटकातलं पद तीन-साडेतीन मिनिटांत कोंबायचं. हे डोक्यात आल्यावर जरा दया आली, पण दया येणं म्हणजे आवडणं नव्हे.

आवडले ते तबल्यामुळं. मी आपला सरळ ठेका धरला आणि रेकॉर्डबरोबर वाजवायला लागलो. सोपं वाटत होतं. दुसऱ्या ओळीला बघतो तर हा माणूस ठेक्याच्या जरा मागनं चाललाय, घाई नाही, शब्द हातात धरून ठेवलाय, मला वाटलं आता चुकतोय आणि मी नकळत लय ओढली, आणि हा पठ्ठ्या एक छोटीशी मुरकी घेऊन समेवर हजर! चुकलो मी. चार वेळा केलं, चार वेळा चुकलो. आणि दर वेळी शब्द काय स्वच्छ, एक अक्षर खाल्लेलं नाही. मग कळलं की थिरकवा खाँसाहेब या माणसाच्या कंपनीत तबल्याला होते. थिरकवा! माझ्या तबल्याच्या मास्तरांनी ज्यांचं नाव घेताना कान पकडायचे, ते बसायचे ज्याच्या मागं, त्याला मी रडका म्हणत होतो.

कार्यक्रम ठीक झाला. बहिणीला टाळ्या, मला चहा.

केशवरावांकडं मात्र मी कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं ते थिएटर जळाल्यावर वळलो, सांगायला जरा शरम वाटते. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती, आणि आम्ही सगळे रस्त्यावर उभं राहून छप्पर जाताना बघतोय. शेजारचे एक काका नुसते "आरं आरं आरं" करत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं कुणाला. घरी येऊन झोप लागेना म्हणून नेटवर शोधून त्यांचं जे सापडलं ते ऐकलं. बालगंधर्वांपेक्षा एकदम वेगळं काम, सरळ अंगावर येणारा आवाज, तान म्हणजे दांडपट्टा. दहा वर्षांपूर्वी मी याला आरडाओरडा म्हणून बंद केलं असतं. आजोबा नव्हते सांगायला, आणि असते तरी "आता कळलं व्हय" म्हणून मोकळे झाले असते.

दीनानाथ मंगेशकरांचं गाणं अजून जमलेलं नाही. त्या उड्या, तो धारदार आवाज, ऐकताना मला दम लागतो. आत्या म्हणते थांब जरा, तुझा टेप अजून फास्टच आहे.

तो टेप माळ्यावर आहे. काल रात्री हेडफोन लावून 'मम आत्मा'बरोबर परत ठेका धरून बघितला. तिसऱ्या आवर्तनापर्यंत टिकलो, मग त्यांनी शब्द परत मागं ठेवला आणि मी गेलो पुढं.