सातव्या गाण्याची जागा

ताई जाऊन चौदा महिने झाले आणि माझ्या चौदा याद्या झाल्या. महिनाभर जी गाणी माझ्यासोबत राहिली, ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका प्लेलिस्टमध्ये ओळीने लावायची आणि अकरा जणांना पाठवायची, एवढंच मी करते. त्यातल्या तेरा याद्या बिनबोभाट गेल्या. लिहायचंय ते नवव्या यादीबद्दल. त्या यादीतल्या अडतीस सेकंदांसाठी मी तीन आठवडे घालवले आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

हे सुरू झालं ते ताईच्या कॅसेटींमुळे. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी परीक्षेत खचले, कुणाशी भांडले, आजारी पडले की ती मला एक कॅसेट भरून द्यायची. सी-६०, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. गाणी निवडताना ती मिनिटांचा हिशेब वहीत मांडायची, कारण शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटलेलं तिला चालायचं नाही. कॅसेट भरून झाली की मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली पेनाच्या टोकाने मोडायची, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. तिच्या जाण्यानंतर पहिल्या महिन्यात मला झोप येत नव्हती. रात्री जे काही ऐकत होते ते मी एका यादीत टाकत गेले, आणि महिन्याच्या शेवटी वाटलं, ही कुणाला तरी द्यायला हवी. ती घ्यायला ताई नव्हती, म्हणून तिच्या माणसांना पाठवली.

याद्यांमध्ये मेळ शोधू नका, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. एकाच यादीत फादो म्हणजे पोर्तुगालची विरहगाणी, कव्वाली, नाट्यगीत, चेलोचा एक संथ तुकडा आणि मध्येच नुसता ढोलांचा गजर. तिसऱ्या महिन्यात मला शब्दच सोसत नव्हते, म्हणून ती अख्खी यादी वाद्यांची. पाचव्या महिन्यात चक्क नाचायची गाणी निघाली. ती पाठवताना हात अडखळला होता, लोक काय म्हणतील म्हणून. शोकाच्या पाच अवस्था असतात असं मला दोघातिघांनी ऐकवलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. माझ्या याद्या कुठल्याच क्रमाने गेल्या नाहीत. जो महिना जसा होता तशी यादी.

नवव्या महिन्यात फोनची जागा भरली म्हणून जुन्या गोष्टी काढत होते. त्यात ताईचा एक व्हॉइस मेसेज सापडला. "अगं, हे ऐक. याचा अंतराच आठवत नाहीये." मग अडतीस सेकंद ती एक चाल गुणगुणते. मागे नळ चालू आहे. ध्रुवपद संपतं, ती पुढे सरकायला बघते, अडते, पुन्हा मागे येते. शेवटी नळ बंद केल्याचा आवाज आणि "बघ, तुला येतंय का." खाली माझं उत्तर होतं: "नंतर सांगते." ते नंतर कधी आलंच नाही.

मी तेव्हाच ठरवलं. नवव्या यादीत सातव्या जागी ताईचा आवाज आणि आठव्या जागी तेच मूळ गाणं, पूर्ण, अंतऱ्यासकट. ती जिथे अडली तिथून पुढे.

आता अडचण ऐका. व्हॉइस मेसेजची फाइल ओपस प्रकारची असते, ती माझ्या म्युझिक ॲपने घेतली नाही. ती एमपीथ्री करून घेतली, हे काम दहा मिनिटांचं. ॲपमध्ये आपल्या फोनवरची फाइल यादीत टाकायची सोय होती. टाकली. वाजली. सहावं गाणं संपून ताईचा आवाज आला तेव्हा मी पलंगावर बसून राहिले. लिंक सगळ्यांना पाठवली.

दुसऱ्या दिवशी भाचीचा, ताईच्या मुलीचा, मेसेज: "मावशी, सहानंतर एकदम वेगळंच गाणं लागतंय. सातवं काय होतं?" तिच्या फोनवर सातवी ओळ करडी होती. दाबली तरी वाजत नव्हती. बाकीच्या सगळ्यांचंही तेच.

मी ग्राहक सेवेला लिहिलं. सेवेचं नाव इथे घेत नाही. पहिलं उत्तर आलं: ॲप बंद करून पुन्हा चालू करा. दुसरं: ॲप काढून नव्याने टाका. मी भाबडेपणाने तेही केलं, आणि माझ्याही फोनवरची सातवी ओळ करडी झाली. आता माझ्याकडेही ती वाजेना. तिसऱ्या उत्तरात फाइलला कलाकाराचं आणि अल्बमचं नाव आहे का, असं विचारलं होतं. मी कलाकाराच्या जागी ताईचं नाव घातलं. अल्बमच्या जागी काय घालायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी महिन्याचं नाव घातलं. उपयोग शून्य. दर वेळी उत्तर देणारी व्यक्ती नवी आणि दर वेळी मला पहिल्यापासून सांगायचं: ही माझी बहीण आहे, ती आता नाही, हा तिचा आवाज आहे. चार वेळा मी हे वाक्य लिहिलं.

चौथ्या उत्तरात खरं कारण कळलं. यादी शेअर केली की गाणी जात नाहीत, फक्त कुठलं गाणं कितव्या जागी आहे याची नोंद जाते. वाजतं ते सेवेच्या स्वतःच्या साठ्यातून. माझी फाइल माझ्या फोनवर होती, त्यांच्या साठ्यात नव्हतीच, त्यामुळे दुसऱ्याकडे ती वाजणं शक्यच नव्हतं. ही एवढी साधी गोष्ट फाइल टाकताना एका ओळीत सांगता आली असती. ती सांगायला त्यांनी नऊ दिवस घेतले.

त्याच उत्तरात एक सल्लाही होता: वितरकामार्फत, म्हणजे गाणी अशा सेवांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, गाणं रीतसर प्रकाशित करा. मी तोही फॉर्म उघडला. कलाकाराचं नाव. प्रकाशनाची तारीख. गाण्याचा प्रकार, यादीतून निवडा. त्या यादीत गुणगुणणं नव्हतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा खुणांचा क्रमांक मिळतो, तो ते देणार होते. ताईच्या त्या आवाजाला बारा खुणांचा क्रमांक! आणि पुढे प्रश्न: या रचनेचे सर्व हक्क तुमच्याकडे आहेत का? गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, रचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. ध्वनिमुद्रण ताईचं होतं, चाल दुसऱ्या कुणाची. खोटी खूण करणं मला जमणार नव्हतं. परवानगी कशी मागायची ते वाचत बसले आणि रात्री दोन वाजता लक्षात आलं, मी अकरा माणसांना माझ्या बहिणीचा आवाज ऐकवण्यासाठी परवाना शोधते आहे. फॉर्म बंद केला. त्या रात्री मी खूप रडले, आणि ते ताईसाठी होतं की त्या फॉर्मपायी, मला सांगता येणार नाही.

त्याआधी आणखी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. वितरकाला स्वच्छ आवाज लागतो म्हणून मी गोंगाट काढणारं एक साधन फाइलवर चालवलं. नळ गेला. पण जिथे ती अडते तिथे एक श्वास घेते, तोही गेला. साधनाच्या लेखी दोन्ही खरखरच. नशीब, मूळ फाइल तशीच ठेवली होती. आवाजाच्या फाइलवर काहीही करण्याआधी तिची प्रत काढा, आणि ती दोन ठिकाणी ठेवा.

शेवटी सुटलं ते असं. यादीचे मी दोन भाग केले. पहिल्यात सहा गाणी, दुसऱ्यात आठव्यापासून पुढची. महिन्याच्या मेसेजमध्ये आधी पहिली लिंक, मग ताईची फाइल, मग दुसरी लिंक, आणि "याच क्रमाने ऐका" एवढी ओळ. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, कारण तशी ती जशीच्या तशी जाते. एवढं करायला अर्धा तास लागला.

तुम्हीही अशा याद्या करणार असाल तर बाकीचं आठवेल तसं सांगते. ऐकणाऱ्यांना शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं) आणि ऑटोप्ले (यादी संपली की आपोआप पुढचं काही लावणारं) दोन्ही बंद करायला सांगा. ते तुमच्या हातात नसतं, त्यांच्या फोनवर असतं. माझ्या एका मैत्रिणीने चौथी यादी रात्री दिवा मालवून ऐकली आणि शेवटचं गाणं विरताच ॲपने आपल्या मनाने एक धांगडधिंगा लावला. ती दचकून उठून बसली. काही सेवांमध्ये पैसे न भरणाऱ्यांना फोनवर क्रमाने ऐकताच येत नाही, तर हेही आधी विचारून घ्या. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरतानाच दुसरं सुरू करणारी सोय, माझ्याकडे कायम बंद. एका गाण्याच्या शेपटावर दुसरं चढलं की मधली शांतता मरते, आणि कित्येकदा मी गाणं निवडलेलं असतं ते त्याच्यानंतरच्या शांततेसाठी.

हं, यादीच्या सुरुवातीबद्दल. दुःखी माणसाला आनंदी गाण्याने सुरुवात करून देऊ नका. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. इरा ऑल्टशुलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९४८ साली ते मांडलं: आधी माणसाच्या आजच्या मनःस्थितीला जुळणारं संगीत, मग हळूहळू हवं तिकडे वळवायचं. माझ्या याद्यांची पहिली तीन गाणी तशीच असतात. त्यानंतर मी स्वतःवर जबरदस्ती करत नाही. वळलं तर वळलं.

आणि गाण्यांची नावं वहीत लिहून ठेवा. सेवांचे करार देशागणिक असतात आणि ते संपतात. माझ्या तिसऱ्या यादीतली तीन गाणी आज करडी आहेत. वहीत ती आहेत, ताईच्या कॅसेटवरच्या कागदासारखी, वेळेसकट.

दुरुस्त केलेली नववी यादी गेली त्या रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. बराच वेळ काही बोलली नाही. तिच्याकडे मागे आठवं गाणं चालू होतं, अंतरा लागला होता. तो संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच. मग तिने विचारलं, "मावशी, शेवटी नळ बंद होतो, तो तिनेच केलाय ना?"

"हो," म्हटलं, "तिनेच."