तुम्ही विचारलंत म्हणून: भेदराचे पहिले पंचवीस दिवस

"ताई, तुम्ही टोमॅटोला कोणतं औषध मारता?" अंगणवाडीत पोरांना घ्यायला येणाऱ्या आया विचारतात, बाजाराच्या दिवशी ऑटोत शेजारी बसलेल्या बाया विचारतात. दर हिवाळ्यात माझ्या अंगणात भेदराची, म्हणजे टोमॅटोची, आठ-दहा झाडं लाल होतात. या बायांचं बी मात्र उगवतं, दोन बोटं वाढतं आणि एका रात्रीत आडवं पडतं. औषध मारत नाही म्हटलं, की त्यांना वाटतं मी लपवते. म्हणून एकदाचं सगळं सांगते.

माझीही रोपं अशीच मेली आहेत. लग्न होऊन या गावात आले त्या वर्षी होळीच्या सुमारास बी टाकलं. झाडं हिरवीगार झाली, मे महिन्यात फुलांनी भरली आणि एकही फळ धरलं नाही. फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडायचं आणि बोट लागताच गळायचं. मी खत वाढवत गेले. दिवसाचं ऊन ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही, की फुलातला पराग निकामी होतो, हे मला खूप उशिरा कळलं. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तिथे खत काय करणार!

मग पावसाळ्यात टाकलं. बांधावरची काळी माती डब्यात भरली, दाट बी पेरलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. चाळीसेक रोपं उगवली. तिसऱ्या दिवशी बाराच उभी होती. वाकून पाहिलं, तर जिथे देठ मातीला टेकतो तिथे तो दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी आणि ओलसर झालेला. वरची दोन पानं मात्र अजून हिरवीच. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पान्यानंच मारलं तू त्याले. थोडी तहान लागू दे ना."

तुमची रोपंही ह्यानंच मरतात. ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीतली बुरशी कोवळ्या देठाला धरते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते मानवतं, पण नखाएवढ्या रोपाला नाही. म्हणून आता मी मे महिन्यात बी टाकत नाही, माती भाजते. एक वाटा काळी माती, एक वाटा नाल्याची रेती आणि एक वाटा चाळलेलं जुनं शेणखत. ते ओलं करून अंगणात पसरायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक टाकायचं, कडा दगडांनी दाबायच्या आणि महिनाभर तसंच ठेवायचं. त्या उन्हात बरीचशी बुरशी आणि तणाचं बी मरून जातं. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच पाहिजे. हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको.

बी टाकायचे दिवस म्हणजे पोळा झाल्यावरचे, सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. रोप दसऱ्याच्या आसपास लावायला येतं, फुलं थंडी पडू लागल्यावर येतात आणि फळ चांगलं धरतं. कोणतं बी घ्यायचं हे सगळ्या आधी विचारतात. माझ्या लेखी महत्त्व दिवसाचं आहे. बी पुसा रुबीसारखं सरळ वाण घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी आपलंच बी धरता येतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची झाडं तशीच निघत नाहीत.

मी पळसाच्या पानांच्या द्रोणात पेरते. बुडाला दोन भोकं आणि प्रत्येकात दोनच बिया, जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल. वरून ओलं पोतं झाकते. पाचव्या-सहाव्या दिवशी पोतं उचलून पाहा. वाकड्या खिळ्यासारखा पांढरट देठ माती उचलताना दिसेल, लव असलेलं टरफल डोक्यावर अडकलेलं असेल. ते ओढू नका, पाण्याचा थेंब सोडला की आपोआप सुटतं. पोतं मात्र त्याच दिवशी काढायचं आणि द्रोण सकाळच्या उन्हात ठेवायचे. एक दिवस जरी अंधारात राहिली, तरी रोपं उंच, लुळी होतात.

पाणी द्यायच्या आधी बोट मातीवर टेकवा. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. द्यायचं तर सकाळी, आणि द्रोण परातीतल्या पाण्यात टेकवून, म्हणजे देठ कोरडा राहतो. हे पंचवीस दिवस वरून जुनी मच्छरदाणी टाकते. शेजारच्या कपाशीवरची पांढरी माशी रोपावर बसली, की पानं चुरडतात, आणि असं चुरडलेलं झाड परत सुधारत नाही, उपटूनच टाकावं लागतं. आणखी एक, घरात कोणी तंबाखूचा खर्रा घोटत असेल, तर साबणानं हात धुतल्याशिवाय त्यानं रोपांना हात लावू नये. तंबाखूवरचा मोझॅकचा विषाणू हातावाटे टोमॅटोला लागतो.

उगवतानाची दोन पानं सोडून चार-पाच खरी पानं आली की संध्याकाळी लावायचं, दोन-दोन फुटांवर, आणि खोल, अगदी पहिल्या दोन पानांपर्यंत. मातीत गेलेल्या देठालाही मुळ्या फुटतात. द्रोण तसाच पुरला तरी चालतो, फक्त बूड फाडायचं. आधाराला गेल्या वर्षीच्या तुराट्या, बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा. आमच्याकडे नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. कुटार नव्हतं तेव्हा माती एकदम सुकायची, एकदम भिजायची, आणि फळांची बुडं काळी पडायची. आता क्वचितच पडतात.

फळाला भोक पाडणारी अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. आठ झाडांवरची हातानं वेचून होते. बाजूला झेंडू लावला, की पतंग पुष्कळशी अंडी तिकडेच घालतात.

संक्रांतीच्या आसपास पिकलेलं भेदर चुलीच्या निखाऱ्यावर भाजते, साल काढून लसूण, हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून ठेचते. पहिली चटणी सासूबाईंच्या ताटात. आता त्यांना दिसत नाही, पण झाडाजवळून नुसती गेले तरी माझ्या हाताचा वास घेऊन विचारतात, "भेदराले हात लावला का वं?"

सगळ्यात चांगल्या झाडाची चार फळं मी बियाण्याला ठेवते. गर वाटीभर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवला, की बीवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुवून सावलीत वाळवायचं. यंदाचं बी राखेत मिसळून बाटलीत ठेवलं आहे. पोळा झाला की या, द्रोण तेवढे घेऊन या.