लेहच्या बर्फावर संघाची औषधपेटी

खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमधलं आइस स्केटिंग आणि आइस हॉकी लेहला होतं, स्कीइंग गुलमर्गला. आपल्याकडची मुलं स्केटिंगला उतरतात आणि त्यांतल्या अनेकांचा पाया चाकांच्या स्केटवरचा असतो. म्हणून स्वयंसेवक डॉक्टर म्हणून संघाबरोबर गेलो तो लेहचा प्रवास इथे लिहितोय. पुढच्या वेळी नाशिकहून जो कोणी पेटी घेऊन निघेल, त्याच्या उपयोगी पडावा.

नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तेच महाराष्ट्रात सर्वांत उंच. त्यामुळे इथे कितीही गड चढले तरी पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती तिथे पोचल्यावरच होते आणि तिला दिवस द्यावे लागतात.

पेटी भरायला नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत गेलात की पहिली अडचण समोर येते. उंचीच्या त्रासासाठी सगळ्यांच्या तोंडी असलेली अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी खेळाडूला चालत नाही. ती लघवी वाढवणारी आहे आणि असली औषधं उत्तेजक-विरोधी यादीत कायम बंद आहेत. प्रशिक्षक आणि व्यवस्थापकांना ती देता येते: १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारून. खेळाडूंना मात्र गोळीऐवजी विश्रांतीचे दिवसच द्यायचे.

खोकल्याच्या औषधांत याहून मोठा धोका आहे. आपल्याकडच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, तेही बंदच. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाबाहेर लघवीत सापडलं तर नियमभंग होतो. वेदनाशामकांतलं ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब चालतात. दम्याचा सल्ब्युटामॉल पंपही चालतो, पण मोजून: १०० मायक्रोग्रॅमचा पफ धरला तर ८ तासांत ६ आणि २४ तासांत १६, त्यापुढे नाही. थकलेल्या मुलाला सहज सलाईन लावायची आपली सवयही इथे सोडावी लागते. रुग्णालयातले उपचार वगळता १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून देता येत नाही. मुलांच्या बॅगांतली घरून दिलेली औषधं निघण्याआधीच पालकांसमोर तपासा. आई प्रेमानं सिरपची बाटली ठेवते आणि ती तिथे पोचल्यावर सापडते.

लेहची विमानं सकाळचीच असतात, दुपारनंतर वारा वाढतो. दिल्लीहून सव्वा-दीड तासात तुम्ही ३,५०० मीटरवर असता. पहिले ४८ तास सराव नाही, धावणं नाही, जिन्यावर घाईसुद्धा नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा न जाणारा थकवा असेल तर तो उंचीचा त्रास समजायचा. पहिल्या रात्री बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८५ ते ९० दिसला तरी तेवढ्यावरून घाबरायचं नाही. बोट काखेत धरून आधी गरम करायचं, गार बोटावर यंत्र काहीही दाखवतं.

सगळ्यांत जास्त लक्ष खोलीतल्या बुखारीकडे, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीकडे द्या. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठला की डोकं दुखतं, मळमळतं, आणि ते उंचीच्या त्रासासारखंच दिसतं. बोटावरचं यंत्र त्यात फसतं, आकडा चांगलाच दाखवतं. एकाच खोलीतल्या सगळ्यांची डोकी एकदम दुखू लागली आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर बुखारीवरच संशय घ्या. झोपण्यापूर्वी ती विझवायची आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची. थंडी वाजते म्हणून मुलं हट्ट करतात, तो मानायचा नाही.

निफाडची थंडी सोसलेल्यालाही लेहचा जानेवारी वेगळाच वाटतो. ग्लुकोमीटर गारठून चूक दाखवतो, अँप्यूल गोठतात, जखमेवरची चिकटपट्टी चिकटत नाही. अ‍ॅड्रेनालिन आणि बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब ३० अंशांवर १५० असेल तर उणे १० वर तो १३० च्या आसपास दिसतो. वायू तेवढाच असतो, गळती शोधत बसू नका.

बर्फावर भीती पात्याची. शॉर्ट ट्रॅकमध्ये मुलं घोळक्यानं वळतात, एक पडला की मागच्याचं पातं पोटरीत किंवा मांडीत घुसू शकतं. हात पोचेल अशा जागी टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला घट्ट आवळायचा पट्टा, हवं आणि ते बांधल्याची वेळ लिहून ठेवायला पेन. पंचांनी शर्यत थांबवल्याशिवाय आत जायचं नाही, बुटांना खिळ्यांची पट्टी लावल्याशिवाय तर नाहीच. जखमी मुलाखाली लगेच फोमची चटई सरकवा. पातळ सूटमधून बर्फ अंगातली ऊब झपाट्यानं ओढून घेतो.

विश्रांतीतही धाप लागली आणि खोकला ओला झाला, तर फुप्फुसात पाणी. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता आलं नाही, तर मेंदूला सूज. दोन्हींत आधी ऑक्सिजन. तो यादीत बंद नाही. मेंदूच्या सुजेला डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, मग दर ६ तासांनी ४. हे औषध स्पर्धेच्या काळात बंद आहे, तरीही द्यायचं. जीव आधी, परवानगीचा अर्ज नंतर करता येतो, म्हणून वेळ आणि मात्रा तिथल्या तिथे लिहायची.

‘खाली उतरवा’ हा पुस्तकी सल्ला हिवाळ्यातल्या लेहमध्ये सोपा नाही. मनालीचा रस्ता बंद असतो, आणि कारगिलकडे उतरायचं तर गाडी आधी ४,१०८ मीटरच्या फोटू ला खिंडीवर चढते. म्हणून रुग्णाला ऑक्सिजनवर सोनम नोरबू रुग्णालयात हलवायचं आणि सकाळच्या विमानाची जागा मिळवायची. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते का, हे नाशिक सोडण्याआधीच विचारून ठेवा.