आमची वाटचाल : खाणीच्या ट्रकांपासून डायमंड कट चाकांपर्यंत

डिचोलीतला आमचा कारखाना बाबांनी उभा केला तो खाणीच्या ट्रकांच्या जिवावर. पिना, बुश, झिजलेले हब. लेथ दिवसभर फिरता असायचा. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. घरोघरच्या अंगणांत टिपर गंजत उभे राहिले. आमच्या हातात कसब होते, पण काम आणणारे कोणी उरले नव्हते. म्हणून आम्ही कारकडे वळलो.

सुरुवात खड्ड्यात आपटून वाकलेली अलॉय चाके (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) सरळ करण्यापासून झाली. शिवाय आपल्या अरुंद रस्त्यांवर समोरून बस आली की भाड्याची गाडी चिऱ्यांच्या गडग्याला घासते, आणि मार चाकाच्या तोंडावर बसतो. नुसत्या रंगाची चाके आम्ही भरून, घासून, रंगवून देत होतो. डायमंड कटची मात्र परत पाठवावी लागत. त्यांच्या तोंडावर रंग नसतोच. लेथवर कापलेले उघडे ॲल्युमिनियम आणि वर पारदर्शक लॅकर. ते हाताने होत नाही. शेवटी कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, मशीन घेतले.

मशीनचा प्रोब, म्हणजे मोजणारी काडी, आधी चाकाचा आकार वाचतो, मग हिऱ्याच्या टोकाचे टूल मिलिमीटरच्या अंशाएवढा थर काढते. गिऱ्हाइके हेच बघायला थांबतात. माझ्या मते खरे काम त्याच्या आधी आणि नंतर असते.

आधी जुना रंग उतरवून डायल गेजवर, म्हणजे काटा असलेल्या मापकावर, चाकाची डगमग मोजतो. मग लाल द्रव लावून तडे शोधतो: द्रव पुसून वर पांढरी पावडर मारली की तड्यातून लाल रेघ उमटते. चाकाच्या आरीत (स्पोकमध्ये) तडा दिसला तर ते चाक आम्ही घेत नाही. वेल्ड मारून वर चमक आणता येते, पण वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूची धातू मऊ पडते, आणि त्या गाडीत कोणाची तरी मुले बसलेली असतात. यावरून गिऱ्हाइके रागावून गेली आहेत. जाऊ देत.

नंतरचे काम लॅकरचे. खारा वारा आणि जूनपासूनचा पाऊस, दोन्ही आपल्या वाट्याला भरपूर. लॅकरला जरा चीर गेली की आत पाणी शिरते आणि पांढऱ्या, अळीसारख्या रेघा पसरत जातात. धारदार कडांवर लॅकर पातळ बसते, म्हणून आम्ही त्या कडा किंचित बोथट करतो. कापलेल्या तोंडाला उघडा हात लावू देत नाही, घामातले मीठ पुरते. पावसाळ्यात लॅकरआधी चाक गरम करून ओल घालवतो.

टायरवाल्यांना एक विनंती: बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचा तोल साधायचे, छोटे वजन बाहेरच्या कडेवर ठोकू नका, आतून चिकटवा. आणि ॲसिडच्या क्लीनरने धुऊ नका.

प्रत्येक कटला धातू कमी होते, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करता येत नाही. रिमच्या आत आम्ही किती वेळा कट झाला याची खूण करतो. पुरेशी धातू उरली नसेल तर पूर्ण पावडर कोटिंग (कोरडी रंगाची पूड मारून भट्टीत पक्की करणे) सुचवतो. त्यात पडवळासारखा हिरवा मागणारेही भेटले. तोही करून दिला.